सिस्टर गेल्या. आठवणी इथे लिहा

पाऊलवाट

परवा पहाटे सिस्टर गेल्या. ८२ वर्षांच्या होत्या. झोपेतच गेल्या, रात्री कुणाला उठवावं लागलं नाही. उभा जन्म लोक त्यांनाच रात्री-अपरात्री उठवत आले, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

त्यांचं नाव इथे देत नाही. घरच्यांना विचारलेलं नाही, आणि तसंही आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक होतं? सगळ्यांच्या त्या सिस्टरच. नोकरीतली ३५-३६ वर्षं वॉर्डात गेली. निवृत्तीनंतर लोक हवापालट करतात, या मात्र दुसऱ्याच महिन्यात अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जायला लागल्या. पैसे घ्यायच्या नाहीत. कुणी फार आग्रह केला तर म्हणायच्या, "कापूस आणि चिकटपट्टी आणून ठेवा, पुढच्या घरी लागेल."

माझ्या बाबांचं शेवटचं आजारपण ११ वर्षांपूर्वीचं. कर्करोग हाडांत उतरला होता. पहिल्या दिवशी सिस्टर आल्या आणि दहा मिनिटं नुसत्या खुर्चीत बसल्या. नाडी नाही, ब्लडप्रेशर नाही. मला वाटलं, दमल्या असतील. नंतर कळलं, त्या बघत होत्या. बाबा कुशीवर वळताना श्वास कुठे अडकतो, कुठला हात चादर घट्ट धरतो, बोलताना वाक्य मध्येच का सोडून देतात. मग विचारलं, "रात्री किती वाजता जाग येते?" बाबा म्हणाले, दोन, सव्वादोन. "गोळी किती वाजता घेता?" दुखायला लागलं की. सिस्टर माझ्याकडे वळल्या. "ही दुखल्यावर द्यायची गोळी नाही. दुखू नये म्हणून द्यायची आहे. घड्याळ लावा."

डॉक्टरांशी बोलून त्यांनी मॉर्फिनचं पातळ औषध दर चार तासांनी सुरू करून घेतलं. त्याच दिवशी पोट साफ राहण्याचं औषधही. "मॉर्फिन दिलं आणि हे विसरलात तर चौथ्या दिवशी दुखणं परवडलं म्हणायची वेळ येईल." तोंड कोरडं पडतं म्हणून ओल्या कापसानं ओठ आणि जीभ पुसायला शिकवलं. इतक्या साध्या गोष्टीनं माणसाचा चेहरा बदलतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी धास्तावले होते, मॉर्फिनची सवय लागेल म्हणून. तेव्हा त्यांनी मला सिसिली सॉन्डर्सची गोष्ट सांगितली. ही बाई दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये नर्स झाली. पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सुटलं, मग रुग्णालयात समाजसेविका म्हणून लागली. तिथे डेव्हिड टास्मा नावाचा एक पोलिश ज्यू रुग्ण भेटला, वॉर्सातून आलेला, चाळिशीतला, कर्करोगानं मरणाच्या दारात, जवळचं कुणी नाही. मरणाऱ्यांना नीट राहता येईल अशी जागा असावी, यावर दोघं तासन्‌तास बोलत. १९४८ मध्ये तो गेला आणि तिच्यासाठी ५०० पौंड ठेवून गेला. तुझ्या त्या घरातली एक खिडकी मी होईन, असं म्हणाला होता. वेदनेचं औषध घड्याळाप्रमाणे द्यावं हे तिला कळलेलं होतं, पण नर्सचं ऐकतो कोण? एका सर्जननं सल्ला दिला की तू स्वतःच डॉक्टर हो. झाली, वयाच्या ३९व्या वर्षी. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाऱ्यांसाठीचं तसं घर, उघडलं. सिस्टर शेवटी म्हणाल्या, "नर्स असताना जे दिसलं, ते ऐकवायला तिला डॉक्टर व्हावं लागलं बघ." हे सांगताना त्या हसल्या नव्हत्या.

एक गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही, ती इथे सांगते. शेवटच्या आठवड्यात सिस्टर रात्री आमच्या बाहेरच्या खोलीत झोपायच्या. दहाचा डोस त्या द्यायच्या, दोनचा माझ्याकडे, कारण त्यांनाही थोडी झोप हवी. सकाळी त्या वही उघडून विचारायच्या, "दोनचा दिला?" मी हो म्हणायची, त्या लिहायच्या. शेवटून दुसऱ्या रात्री मला गजर ऐकूच आला नाही. जाग आली तेव्हा उजाडायला लागलं होतं. बाबा शांत होते. सिस्टर आत आल्या, म्हणाल्या, "सहाचा मी देते, तू तोंड धू." दोनचं त्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही. बाबांनी ते आठ तास कसे काढले असतील हा विचार अजून मधूनच येतो.

असो. तुमच्या आठवणी लिहा. पूजनीय, वंदनीय वगैरे नको. घडलेलं लिहा.

निवांत

भावपूर्ण श्रद्धांजली. आमच्याकडे आईला इंजेक्शन द्यायला यायच्या. बोलत बोलत द्यायच्या. आई विचारायची "कधी देणार?" आणि त्या बॅग बंद करत असायच्या.

तिरपा ढग

आजी आठ महिने अंथरुणात होती. सिस्टर पहिल्यांदा आल्या तेव्हा आम्ही भलतेच खुशीत होतो, कारण पाठीला रोज पावडर, वर स्पिरिटनं चोळणं, सगळं साग्रसंगीत चालू होतं. त्यांनी आजीला कुशीवर केलं, माकडहाडापाशी एक लालसर डाग होता, त्यावर बोट दाबून धरलं आणि सोडलं. "बघा, दाबल्यावर पांढरं पडायला हवं. पडत नाही. आतलं मांस मरायला लागलंय." आमची खुशी उतरली.

मग आमची शाळा घेतली. चोळायचं बंद, लाल जागेवर तर मुळीच नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण कुशीवर करायचं नाही, पाठीमागे उशी घालून थोडं तिरकं, म्हणजे कमरेच्या हाडावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. ओढून सरकवायचं नाही, उचलायचं, नाहीतर चादरीच्या घासण्यानं कातडी सोलते.

बाबांनी (माझ्या) वाद घातला की स्पिरिटनं चोळणं आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलोय. त्यावर सिस्टरांनी डोरीन नॉर्टन या इंग्लिश नर्सचं काम सांगितलं. वृद्ध रुग्णांच्या वॉर्डात तिनं बघितलं की पाठीला काय काय फासतात आणि त्याचा उपयोग किती होतो. १९६२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. फासण्यानं काही होत नव्हतं, कूस बदलण्यानं होत होतं. कुणाला शय्याव्रण (पडून राहून होणारी जखम) होण्याचा धोका जास्त आहे ते ओळखायला तिनं गुण देण्याची पद्धत काढली: शरीराची अवस्था, मनाची अवस्था, हालचाल, फिरणं, लघवी-शौचावर ताबा. आजीला १४ च्या खाली गुण पडले होते, म्हणजे धोका.

आमच्या फ्रिजवर कूस बदलण्याचा तक्ता लागला. डावी, पाठ, उजवी. रात्री दोन आणि चारच्या पाळ्या मी आणि काका. आजी गेली तेव्हा पाठीवर एकही जखम नव्हती. सिस्टर तेव्हा भेटायला आल्या, सगळ्यांशी बोलल्या आणि जाताना हळूच म्हणाल्या, "पाठ छान ठेवलीत." मला मिळालेलं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट आहे ते.

कोरा कागद

सगळे चांगलं लिहिताहेत म्हणून वाईट वाटतंय, पण धागाकर्तीनं घडलेलं लिहा म्हटलंय.

मी नऊ वर्षांचा होतो. माझी आई वॉर्डात होती. भेटीची वेळ संपली होती आणि मी पलंगाखाली लपून बसलो होतो. या सिस्टरांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी रडत होतो, आई रडत होती. त्या रात्री आईची तब्येत बिघडली आणि मला पुढचे चार दिवस भेटू दिलं नाही. आई नंतर बरी झाली, ती गोष्ट वेगळी. पण तो दंड मला अजून आठवतो. नियम असतील, मान्य. सगळ्यांना त्या देवमाणूस वाटतात तेव्हा मी गप्प बसतो, इतकंच.

मुक्काम

@कोरा कागद, आज हे लिहायलाच हवं होतं का?

पाऊलवाट

@मुक्काम, हो, हवं होतं. मीच सांगितलं होतं.

रात्रपाळी

मी त्यांच्या हाताखाली शिकले. पहिली पोस्टिंग त्यांच्याच वॉर्डात.

@कोरा कागद, तुमचा राग समजू शकते. त्या काळी मुलांना वॉर्डात येऊ देत नसत आणि त्या नियमाला धरून असत. आता आपल्याला माहीत आहे की मुलांना आईपासून तोडणं दोघांनाही त्रासाचं असतं. त्यांनाही नंतर ते पटलं होतं. निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत त्या लहान मुलांना मागच्या जिन्यानं आणायच्या, हे मी स्वतः बघितलंय. तुमच्या वेळी पटलेलं नव्हतं, हे खरंच.

आता माझी आठवण. औषध देताना पाच गोष्टी बरोबर हव्यात असं आम्हाला पाठ करून घेतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. सिस्टर ते पाठ म्हणून घ्यायच्या नाहीत. ट्रॉली घेऊन निघालं की मागे उभ्या राहायच्या आणि रुग्णाला नाव विचारायला लावायच्या. "तुम्ही अमुक ना?" असं नाही, कारण गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं नाव काय?" असं. रोज, त्याच रुग्णाला, तो चिडला तरी.

याचं कारण मला नंतर कळलं. एका रात्री, शेजारच्या पलंगांवर एकाच आडनावाच्या दोन बायका होत्या, आणि सिस्टरांनी स्वतः एकीचं इंजेक्शन दुसरीला दिलं. नवख्या नव्हत्या, चौदा-पंधरा वर्षांची नोकरी झाली होती. कुणी बघितलं नव्हतं. औषध अँटिबायोटिक होतं, त्या बाईला काही झालं नाही, होण्याची शक्यताही कमी होती. सिस्टर तशाच उठून डॉक्टरांना उठवायला गेल्या. रात्रभर दर पंधरा मिनिटांनी त्या रुग्णाची नाडी, श्वास, अंगावर पुरळ, सगळं नोंदवलं. सकाळी त्या बाईला सांगितलं, माझी चूक झाली. आणि रजिस्टरमध्ये लाल शाईनं, स्वतःच्या नावानिशी, लिहिलं. वरिष्ठांनी म्हणे सांगितलं होतं की एवढं लिहायची काय गरज. मेमो मिळाला, बढती लांबली.

ते पान त्या दरवर्षी नव्या मुलींना उघडून दाखवायच्या. त्यावर भाषण नसायचं. पान दाखवायचं आणि पुढे जायचं.

कोरा कागद

@रात्रपाळी, मागच्या जिन्याचं माहीत नव्हतं. धन्यवाद. माझं मत अगदीच बदललं असं नाही, पण बरं वाटलं.

अर्धा तास

लसीकरणाच्या मोहिमेत मी त्यांच्याबरोबर दारोदार फिरलोय, स्वयंसेवक म्हणून. माझं काम फक्त डबा धरायचं. डबा सुद्धा उन्हात ठेवला म्हणून ओरडा खाल्लेला आहे. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. बाटलीवर एक गोल असतो, त्यात एक चौकोन. उष्णता लागली की आतला चौकोन गडद होत जातो. बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की बाटली फेकायची, मग दारात वीस पोरं उभी का असेनात.

कुणी नकार दिला तर त्या वाद घालत नसत, उंबऱ्यावर बसून गोष्ट सांगायच्या. ठरलेली गोष्ट होती. देवीच्या रोगाचा नैसर्गिकरीत्या झालेला जगातला शेवटचा रुग्ण अली माव मालिन, सोमालियातल्या मेर्का गावचा, एका रुग्णालयात स्वयंपाकी. १९७७ चा ऑक्टोबर. देवीच्या रुग्णांना घेऊन आलेल्या गाडीला रस्ता दाखवायला हा गाडीत बसला, काही मिनिटंच. त्यानं लस टाळली होती, सुईची भीती वाटायची म्हणून. त्याला देवी आल्या, तो वाचला, त्याच्यापासून पुढे कुणालाही लागण झाली नाही, आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. सिस्टर इथे थांबायच्या. ऐकणाऱ्याला वाटायचं संपलं. मग म्हणायच्या, हा माणूस पुढे पोलिओच्या लसीचा स्वयंसेवक झाला. दारोदार जाऊन सांगायचा की मी घाबरलो होतो, तुम्ही घाबरू नका. २०१३ मध्ये पोलिओच्या मोहिमेवर असतानाच मलेरियानं गेला.

गोष्ट संपेपर्यंत पोराच्या तोंडात थेंब गेलेले असायचे. प्रत्येक वेळी नाही. काही दारं बंदच राहिली. त्या घरांवर खूण करून आठवड्यानं परत जायच्या, तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

अवांतर: सिस्टरांनी स्वतः देवीच्या लशी टोचल्या होत्या, त्या दोन टोकांच्या सुईनं, एका जागी पंधरा टोचे. "ती सुई बनवणाऱ्याचं डोकं बघ," म्हणायच्या, "लस दोन टोकांच्या मध्ये थेंबासारखी अडकते, मोजावीच लागत नाही." यंत्रांचं त्यांना भारी कौतुक.

दुपारचं ऊन

आमचं बाळ जुलाबांनी सुकलं होतं. फोनवर त्यांनी सांगितलं ते अजून कपाटाच्या दाराला चिकटवलेलं आहे: पाकीट असेल तर पाकीट, नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं तर माझ्याकडे नाही, सरळ दवाखान्यात.

मी म्हटलं, एवढ्यानं होईल? त्यांनी दिलीप महालनोबिसांबद्दल सांगितलं. १९७१, बांगलादेशचे निर्वासित, बनगावची छावणी, कॉलरा. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. या डॉक्टरांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात घालून पिंपं भरली आणि नातेवाइकांच्या हातात पेले दिले. तिथे मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं. "नातेवाइकांच्या हातात," यावर त्यांचा जोर होता.

मुक्काम

मला वाटतं आपण सगळ्यांनी मिळून काहीतरी करायला हवं. एखाद्या सभागृहात त्यांचा फोटो, हातात दिवा वगैरे, खाली "त्यागमूर्ती". वर्गणी काढू.

रात्रपाळी

दिवा नको हो! निरोप समारंभात असाच एक पुतळा भेट दिला होता. घरी नेला नाही, स्टोअरमध्ये ठेवून आल्या. त्यांचं म्हणणं, नाइटिंगेलबाईचा दिवा सगळ्यांना आठवतो, गटारं कुणाला आठवत नाहीत. १८५४ च्या नोव्हेंबरात ती इस्तंबूलजवळ स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली, आणि त्या हिवाळ्यात तिच्या डोळ्यांदेखत माणसं मरतच राहिली, जखमांपेक्षा रोगांनी जास्त. मार्च १८५५ मध्ये स्वच्छता आयोग आला, रुग्णालयाखालची तुंबलेली गटारं उपसली, हवा खेळती केली, तेव्हा आकडे उतरले. नंतर तिनं त्या आकड्यांच्या आकृत्या काढून सरकारच्या तोंडावर धरल्या. "हातात द्यायचंच तर तिच्या हातात वही द्या," हे सिस्टरांचे शब्द.

तिरपा ढग

आणि त्यागमूर्ती तर मुळीच नको. त्याग म्हटलं की पगार कमी द्यायला बरं पडतं, असं त्या मला म्हणाल्या होत्या. हॉस्टेलच्या पाण्यासाठी संपावर बसलेल्या होत्या एकदा.

मुक्काम

ठीक आहे, मागे घेतो.

साय

नमस्कार. मी त्यांची धाकटी मुलगी. मैत्रिणीनं धाग्याचा दुवा पाठवला. काल रात्री सगळे प्रतिसाद वाचले. आई इतकं बोलायची हेच आम्हाला नवीन आहे. घरी ती फार बोलायची नाही. बोलून आलेली असायची, हे आता कळतंय.

कोरा कागद, तुमचा प्रतिसाद मला सगळ्यात जवळचा वाटला, राग मानू नका. लहानपणी मला ताप यावा असं वाटायचं. ताप आला की आई रात्रपाळी बदलून घ्यायची आणि ती रात्र माझी असायची. पट्ट्या बदलताना तिचे हात अगदी वेगळे असायचे. एकदा मी थर्मामीटर गरम पाण्यात बुडवला. तिनं बघितलं, काही बोलली नाही, शेजारी येऊन झोपली. त्या रात्री कामावर गेली की नाही आठवत नाही. गेली असावी.

एक विचारायचं आहे. तिच्या कपाटात निवृत्तीनंतरच्या ४१ वह्या निघाल्या. प्रत्येक घराची नोंद, तारीख, वेळ, औषध, जखमेची लांबी-रुंदी, कोण रडलं, कोणाशी कोणाचं पटत नाही, सगळं. आम्हाला काय करावं कळत नाही. दादा म्हणतो जाळून टाकू, लोकांच्या खासगी गोष्टी आहेत. मला हात होत नाही.

रात्रपाळी

दादांचं चुकत नाही. रुग्णाची माहिती त्याच्या मरणानंतरही त्याचीच असते, असं त्याच शिकवायच्या. पण घाई नको. सध्या कुलपात ठेवा. ज्या घरांना आपलं पान हवं असेल त्यांनी तुम्हाला विचारावं, आणि त्यांचं तेवढंच द्यावं. बाकीचं नंतर बघू. इथे फोटो टाकू नका.

तिरपा ढग

मला आजीचं हवंय. तिला पडलेले गुण असतील त्यात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पाऊलवाट

साय, तुम्ही आलात, फार बरं वाटलं. मलाही व्यनि करायचा होता पण इथेच विचारते, नाहीतर धीर होणार नाही. बाबांची तारीख आणि पत्ता तुम्हाला व्यनित पाठवते. शेवटून दुसरी रात्र. रात्री दोनपुढे काही लिहिलंय का, एवढंच बघाल? कोरं असेल तरी सांगा.

साय

सापडलं. वही क्रमांक २३. तुम्ही म्हणालात म्हणून इथेच लिहिते, जसंच्या तसं:

"२.०० – डोस दिला. दुखणं नाही. ओठ पुसले. कूस डावी. मुलगी खुर्चीत झोपली आहे, गजर बंद केला. उठवली नाही."